ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज : आपल्या वस्तीने काय करावे, काय करू नये



कचऱ्यापासून वीज तयार होते, हे आपण अधूनमधून ऐकतो. कुणी मोबाइलवर चित्रफीत दाखवतो, कुणी ग्रामसभेत विषय काढतो. ऐकणाऱ्याला वाटते, घरामागच्या उकिरड्याला तार जोडली की बल्ब लागेल. मग प्रत्यक्षात काहीच होत नाही आणि उकिरडा तिथेच राहतो.

हा विषय आरोग्याच्या पानावर घेण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे, की ज्या खरकट्यातून गॅस होऊ शकतो तेच खरकटे दारात सडले की माश्या, उंदीर आणि मोकाट कुत्री येतात. माशी खरकट्यावरून उठते आणि लेकराच्या भाकरीवर बसते. पावसाळ्यात आपल्या वस्त्यांत हगवण आणि उलट्या वाढतात, त्याचे हे एक कारण आहे. दुसरे कारण त्याहून मोठे आहे. गावचा कचरा उचलायला, गटार उपसायला आणि टाकी साफ करायला आजही आपल्याच माणसांना हाक मारली जाते. म्हणून या कामातले खरे किती, फायदा किती आणि जिवाला धोका कुठे, हे आपल्याला इतरांपेक्षा जास्त नीट माहीत असले पाहिजे.

कचऱ्यातून वीज येते कशी?

शिळी भाकरी, भाजीची देठे, सडलेली फळे, शेण आणि मैला या सगळ्यांत अन्नाचा अंश असतो. हे उघड्यावर टाकले तर ते सडते आणि वास सुटतो. तेच पाण्यात कालवून हवा न लागणाऱ्या बंद टाकीत ठेवले, तर टाकीतले सूक्ष्म जीवाणू ते खातात आणि त्यातून गॅस सुटतो. या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त भाग मिथेनचा असतो. मिथेन जळतो. उरलेला बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड असतो, तो जळत नाही. थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. हा थोडासा वायूच सर्वांत घातक आहे. त्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे.

हा गॅस शेगडीत जाळला की स्वयंपाक होतो. इंजिनात जाळून जनरेटर फिरवला की वीज होते. म्हणजे कचऱ्यातून थेट वीज निघत नाही. आधी गॅस निघतो आणि मग त्याची वीज करावी लागते. वीज करताना गॅसमधली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हा मुद्दा हिशेब करताना उपयोगी पडेल.

हे काम नवे नाही

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ मध्येच मैल्यापासून निघालेल्या गॅसवर दिवे लावले गेले होते. समाजाने ज्यांना वाळीत टाकले त्यांच्या घरात हा उजेड आधी पडला.

पुण्याजवळच्या देहू गावात डॉ. सुहास मापुसकर सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. जंत आणि हगवणीचे तेच ते रोगी पुन्हा पुन्हा येतात, हे पाहून त्यांनी गोळ्यांबरोबर संडासाचे काम हाती घेतले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी केलेल्या कामाचा आधार घेऊन त्यांनी संडासाला जोडलेले गॅस संयंत्र विकसित केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैला माणसाच्या हातात न येता थेट टाकीत जातो आणि तिथून गॅस येतो, हा त्या कामाचा गाभा होता.

पुण्यातच डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने घरातल्या खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले. पाण्याच्या प्लास्टिक टाक्यांपासून बनणाऱ्या या संयंत्राला २००६ मध्ये इंग्लंडमधला ॲशडेन पुरस्कार मिळाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचे मोठे संयंत्र विकसित केले. त्यात कचरा आधी गरम पाण्याबरोबर एका टाकीत कुजवतात आणि नंतर बंद टाकीत सोडतात. नगरपालिका, वसतिगृहे आणि मोठी स्वयंपाकघरे यांच्यासाठी ते आहे.

वीजनिर्मितीचे जवळचे उदाहरण नाशिकचे आहे. नाशिक महापालिकेने जर्मनीच्या मदतीने २०१७ मध्ये असा प्रकल्प सुरू केला. हॉटेलांतला ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतला मैला एकत्र करायचा, असा रोज ३० टन माल घेऊन सुमारे ३,३०० युनिट वीज काढायची, अशी त्याची आखणी आहे. महिन्याला १०० युनिट वीज लागणारे घर धरले, तर ही वीज एक हजार घरांना पुरेल. पण त्यासाठी रोज ३० टन माल लागतो, तोही प्लास्टिक नसलेला.

आपल्या घराचा हिशेब

पाच माणसांच्या घरात दिवसाला साधारण एक किलो ओला कचरा निघतो असे धरू. आपल्याकडे अन्न वाया घालवत नाहीत, त्यामुळे कित्येक घरांत तो याहून कमीच असतो. एक किलो कचऱ्यातून चांगल्या स्थितीत १०० लिटरच्या आसपास गॅस मिळतो. त्यावर शेगडी जेमतेम २० मिनिटे चालते. म्हणजे सकाळचा चहा आणि लेकराचे दूध होईल, भाकरी होणार नाहीत.

त्याच १०० लिटर गॅसची वीज केली तर पाव युनिटसुद्धा होत नाही. आणि एवढ्याशा गॅससाठी जनरेटर घेणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. म्हणून एका घराने कचऱ्यापासून वीज करण्याच्या नादी लागू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. कुणी तसे यंत्र विकायला आला तर पैसे देऊ नयेत.

५० घरांची वस्ती एकत्र आली तर चित्र बदलते. रोज ५० किलो कचरा म्हणजे सुमारे ५ घनमीटर गॅस. त्यातून कागदावर सात युनिटच्या आसपास वीज होते. ३० वॅटचे २० दिवे रात्रभर चालतील एवढी. प्रत्यक्षात लहान इंजिनातून याहून कमीच हाती येते आणि इंजिनाची देखभालही असते. हाच ५ घनमीटर गॅस शेगडीत जाळला तर रोज दोन किलोहून अधिक सिलिंडरच्या गॅसचे काम होते. आठवड्याला घरगुती एक सिलिंडर वाचला असे समजा. वसतिगृह, आश्रमशाळा किंवा अंगणवाडीच्या स्वयंपाकघराला हा मोठा आधार आहे.

यातून निघणारा निष्कर्ष सोपा आहे. वस्तीच्या दिव्यासाठी सौर दिवा मागा आणि शेगडीसाठी कचऱ्याचा गॅस वापरा. कचऱ्यापासून वीज करणे हे नगरपालिकेच्या पातळीवरचे काम आहे. त्यात आपला वाटा म्हणजे घरातच कचरा वेगळा करणे.

आपल्या जिल्ह्याने विजेचा आणि पाण्याचा संबंध जवळून पाहिला आहे. खडका बंधाऱ्यात पाणी न उरल्याने परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले. वीज कोळशावर होते, तशी ती पाण्यावरही अवलंबून असते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा वीज हा विषय त्यांच्याकडे होता. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ती कुठून येते आणि कुणापर्यंत पोहोचते, हे विचारणे आपलेही काम आहे.

कचरा जाळून वीज होत नाही का?

होते, पण आपला कचरा ओला असतो. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये कचरा जाळून वीज करण्याचा कारखाना उभा राहिला. कचरा जळण्याजोगा नसल्याने तो काही आठवड्यांतच बंद पडला. वेगळा न केलेला कचरा गॅसच्याही कामाचा नाही आणि भट्टीच्याही कामाचा नाही.

घरामागे कचरा पेटवणे तर त्याहून वाईट. प्लास्टिक, रबर आणि रंगीत पिशव्या जळताना निघणारा धूर फुप्फुसात खोल जातो. त्यातल्या काही विषांमुळे कर्करोगही होऊ शकतो. दमा असलेली माणसे, गरोदर बाया आणि लहान लेकरे यांना तो सर्वांत आधी बाधतो. चुलीत जाळ धरण्यासाठी प्लास्टिकची पिशवी टाकण्याची सवय अनेक घरांत आहे, ती आजच बंद करा. चुलीच्या धुराने आपल्या आयाबहिणींची छाती आधीच भरलेली असते, त्यात हे विष नको.

घरी संयंत्र बसवायचे असेल तर

ज्यांच्याकडे थोडी जागा आहे आणि दारात एखादे जनावर आहे, त्यांना लहान गोबरगॅस परवडतो. एका म्हशीच्या किंवा गायीच्या रोजच्या दहा किलो शेणातून ४०० लिटरच्या आसपास गॅस मिळतो. दोन जनावरे आणि घरचे खरकटे एवढ्यावर लहान कुटुंबाचा बराचसा स्वयंपाक निघतो. जनावर नसेल तर हजार लिटरची टाकी आणि तिच्यात उलटी ठेवलेली ७५० लिटरची टाकी, असे खरकट्यावरचे संयंत्र घेता येते. मात्र ते शेगडीला जोड म्हणून, सिलिंडरच्या बदली नव्हे.

सुरुवात शेणानेच करावी लागते. ताजे शेण तेवढ्याच पाण्यात कालवून टाकी भरा आणि दोन ते तीन आठवडे थांबा. पहिला गॅस पेटत नाही. तो मोकळ्या हवेत सोडून द्या. ज्योत नीट धरू लागली की रोज अर्धा किलोपासून खरकटे द्या आणि हळूहळू वाढवा.

काय टाकावे : शिळा भात, भाकरीचे तुकडे, आंबलेली डाळ, किडलेले पीठ, भाजीचा पाला, केळीची साल, पिकून सडलेली फळे. सगळे बारीक करून टाका.

काय टाकू नये : प्लास्टिक, राख, माती, हाडे, नारळाच्या शेंड्या, लिंबाच्या साली, साबणाचे पाणी, फिनेल, उरलेली औषधे. साबण आणि औषधांनी जीवाणू मरतात.

एकदम जास्त टाकले तर टाकी आंबते आणि गॅस बंद होतो. तसे झाले तर चार-पाच दिवस काहीही टाकू नका, नंतर थोडे शेणाचे पाणी द्या. थंडीत गॅस कमी येतो, तो दोष नव्हे. टाकी उन्हात ठेवा.

पाण्याची ओढ असलेल्या गावांनी तांदूळ-डाळ धुतलेले पाणी यासाठी राखून ठेवावे. बाहेर पडणारी स्लरी गाळून तिचेच पाणी पुन्हा खरकटे कालवायला वापरता येते.

टाकी विहीर, बोअर आणि हातपंपापासून दूर असावी. दोन टाक्यांच्या मधल्या फटीत साचलेल्या पाण्यात डास होतात, म्हणून तिथे जुने तेल थोडे सोडा किंवा मच्छरदाणीचे कापड बांधा. स्लरी हे चांगले खत आहे, पण ती लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. संडास जोडलेल्या संयंत्राची स्लरी कोथिंबीर, मेथी, कांदा अशा कच्च्या खाण्याच्या पिकाला कधीही घालू नका. तिच्यात जंतांची अंडी जिवंत राहू शकतात.

शेगडी पेटवताना आधी काडी पेटवा, मग कॉक उघडा. नळीवर साबणाचा फेस लावून गळती तपासा, काडी लावून नव्हे.

ऊसतोडीला जाताना

आपल्या जिल्ह्यातली हजारो घरे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. बैलही बरोबर जातात. बीडमध्ये संयंत्र बंद पडण्याचे हे ठरलेले निमित्त आहे, म्हणून बसवण्याआधीच याचा विचार करा. मागे म्हातारी माणसे राहत असतील तर मूठभर खरकटे रोज टाकण्याचे काम त्यांना समजावून द्या. घराला कुलूपच लागणार असेल तर जाण्याआधी आठ दिवस खाद्य बंद करा, साठलेला गॅस वापरून संपवा आणि कॉक बंद करा. टाकी रिकामी करू नका, आतला माल ओला राहू द्या. परत आल्यावर काही दिवस शेणाचे पाणी दिले की गॅस पुन्हा सुरू होतो. सगळे घर सहा महिने बाहेर असेल तर एकट्याच्या संयंत्रापेक्षा वस्तीचे एकत्र संयंत्र बरे.

खड्ड्यात कुणीही उतरायचे नाही

हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

गॅसची टाकी, संडासाची टाकी आणि गटाराचे चेंबर या तिन्हींत सारखेच विषारी वायू साठतात. हायड्रोजन सल्फाइड कमी असला की वास येतो. तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. म्हणजे वास थांबला म्हणून माणूस आत उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एकाच टाकीत भाऊ-भाऊ, बाप-लेक गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच घडतात. तोंडाला ओला रुमाल बांधून हा वायू अडत नाही. कंदील किंवा काडी आत सोडून पाहणे तर जिवावरचेच, कारण मिथेनचा भडका उडतो.

कुणी आत पडला तर आपण उतरू नका. आरडाओरड करून माणसे जमवा, १०१ आणि १०८ ला फोन करा, दोर टाकता आला तर वरूनच टाका. माणूस बाहेर आला तर मोकळ्या हवेत न्या आणि श्वास थांबला असेल तर येणाऱ्याने छातीवर दाब द्यावा.

टाकी साफ करायची तर पंपाच्या गाडीनेच. २०१३ च्या कायद्याने गटारात आणि संडासाच्या टाकीत संरक्षणाशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. "जरा उतरून बघ, दोनशे रुपये देतो," असे कुणी म्हणाले तर त्याला हा कायदा सांगा. पाटील म्हणो, सरपंच म्हणो, ठेकेदार म्हणो, उत्तर एकच : गाडी बोलवा.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. हलक्या म्हणून आपल्यावर लादलेल्या कामांतून बाहेर पडा, हाच तो रस्ता होता. आज गॅस संयंत्राच्या नावाने तेच काम नव्या रूपात आपल्याकडे येऊ नये. कचऱ्याचे यंत्र चालवणे हे शिकलेल्या कामगाराचे काम आहे. त्याला हातमोजे, बूट, पगार आणि विमा हवा. आणि ते काम कुठल्याही जातीचा माणूस करू शकतो.

वस्तीने काय मागावे, काय करावे

१. घरात दोन डबे ठेवा. ओला एका डब्यात, सुका दुसऱ्यात. सॅनिटरी पॅड, सुया, फुटलेल्या काचा आणि ब्लेड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांतही कचरा असा वेगळा द्यायला सांगितले होते. या एका सवयीमुळे घंटागाडीवरच्या आपल्या बहिणीच्या हाताला सुई टोचायची वाचते.

२. घंटागाडी वस्तीत येत नसेल तर नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वेगळा दिलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होत असेल तर तेही अर्जात लिहा.

३. गोबरगॅसच्या अनुदानासाठी पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा. अनुसूचित जातीच्या कुटुंबांना वेगळा दर आहे का आणि संडास जोडल्यास जास्त रक्कम मिळते का, हे नक्की विचारा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत.

४. वस्तीतले दिवे, नाल्या आणि रस्ते यांच्यासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. सौर दिव्यांची मागणी तिथे ग्रामसभेच्या ठरावासह करा.

५. १४ एप्रिल आणि बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानात उरलेले अन्न एका पिंपात, पत्रावळ्या आणि ग्लास दुसऱ्या पिंपात, असे आधीच ठरवा. ही जबाबदारी महिला मंडळावर न टाकता तरुण पोरांना द्या. जवळ संयंत्र नसेल तर ओला कचरा विहाराच्या आवारात खड्डा करून माती आणि पाल्याच्या थरांत टाका, तीन-चार महिन्यांत खत होईल.

कचऱ्यापासून वीज करायची की गॅस की खत, हे गावाच्या पैशावर आणि जागेवर ठरेल. पण ओले आणि सुके वेगळे करायला ना पैसा लागतो ना परवानगी. ते उद्या सकाळपासून सुरू करता येते. पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात हा लेख मोठ्याने वाचा आणि 'खड्ड्यात कुणीही उतरायचे नाही' हा भाग दोनदा वाचा.

जय भीम, नमो बुद्धाय.